एनव्हिडिया की एएमडी? आधी मदरबोर्ड पाहा

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. माझ्या संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी आणि १४४ हर्ट्झचा आहे. मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. सायबरपंक २०७७ आणि इंडियाना जोन्सचा नवा खेळ खेळायचा आहे, पण तो दुसरा माझ्या कार्डावर सुरूच होत नाही. शिकवण्या घेऊन ४०,००० रुपये साठवले आहेत. रूममेट म्हणतो, एनव्हिडियाशिवाय काही घेऊ नकोस. आतेभाऊ म्हणतो, एनव्हिडिया नुसती लुटते, एएमडी घे. दुकानदाराने आरटीएक्स ५०६० सुचवले आहे. पुढे ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर शिकण्याचाही विचार आहे. नेमक्या कोणत्या कंपनीचे कार्ड घ्यावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुम्ही पत्रात मदरबोर्डाचे नाव आवर्जून कळवलेत, हे फार बरे केलेत. ग्राफिक्स कार्डाविषयी विचारणाऱ्या पत्रांत सहसा बजेट असते, दोन कंपन्यांची नावे असतात आणि बाकी संगणकाचा पत्ताच नसतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी त्या बी४५० मध्येच आहे.

निर्णय आधी सांगतो, कारणे मागून देतो. आज तुमच्या संगणकासाठी मी एएमडीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड, आणि तेही १६ जीबी मेमरीचेच, सुचवेन. ब्लेंडरचे काम खरोखर सुरू झालेले असेल, तर आणखी काही महिने पैसे साठवून एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआयचे १६ जीबीचे कार्ड घ्यावे. दुकानदाराने सुचवलेले ८ जीबीचे आरटीएक्स ५०६० तुमच्या मदरबोर्डावर घेऊ नये. ही शिफारस एएमडी या कंपनीची नव्हे, त्या एका कार्डाची आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा बजेट यांतले काहीही वेगळे असते, तर कदाचित मी तुमच्या रूममेटची बाजू घेतली असती.

आता मदरबोर्डाकडे वळू. ग्राफिक्स कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसते, त्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात आणि त्यातून माहितीची ने-आण करणाऱ्या वाटांना लेन म्हणतात. बी४५० वरचा हा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे. सोळाही लेन वापरल्या, तर त्यातून एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी माहिती जाऊ शकते. आठच वापरल्या, तर निम्मी. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे पाचव्या पिढीच्या स्लॉटसाठी बनवलेली असल्याने त्यांत कंपनीने आठच लेन जोडलेल्या आहेत. नव्या मदरबोर्डावर याने काही बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक लेनचा वेग चौपट असतो. तुमच्याकडे मात्र लेन निम्म्या आणि वेग जुना, असे दुहेरी नुकसान होते. आरएक्स ९०६० एक्सटीला सोळाच्या सोळा लेन आहेत, त्यामुळे जुन्या स्लॉटवरही त्याला जितकी वाट मिळू शकते तितकी पूर्ण मिळते.

याचा खेळताना फरक किती पडतो, हे कार्डावरच्या मेमरीवर ठरते. खेळातल्या भिंती, चेहरे, झाडे यांची चित्रे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावत असतील, तर स्लॉटवर फारसा भार येत नाही आणि आठ लेनमुळे होणारे नुकसान थोड्या टक्क्यांपुरतेच राहते. मेमरी भरली, की उरलेली चित्रे संगणकाच्या रॅममधून त्याच स्लॉटवाटे सतत आणावी लागतात, आणि मग वळणावर, दार उघडताना, गाडी वेगात असताना खेळ क्षणभर अडखळतो. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी पाहिली तर ती ठीक दिसते. डोळ्यांना मात्र झटके जाणवतात. सायबरपंकसारख्या खेळात रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून खऱ्यासारख्या सावल्या आणि प्रतिबिंबे काढण्याचे तंत्र) चालू करून चित्रांचा दर्जा उंच ठेवला, तर १०८०पीवरही ८ जीबी अपुरे पडू लागतात. म्हणजे ८ जीबी मेमरी, आठ लेन आणि तिसऱ्या पिढीचा स्लॉट हा तिहेरी योग तुम्ही स्वतःहून ओढवून घेऊ नये, आणि आरटीएक्स ५०६० तुमच्याकडे नेमका तोच योग घडवते. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणत नाही; त्याने बहुधा तुमचा मदरबोर्ड विचारलाच नसेल.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आरएक्स ९०६० एक्सटी हे नाव ८ जीबीच्या कार्डालाही आहे आणि १६ जीबीच्याही. आरटीएक्स ५०६० टीआयचेही तसेच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव सारखेच असते, मेमरीचा आकडा कोपऱ्यात असतो, आणि ऑनलाइन यादीत ‘सर्वात स्वस्त’ म्हणून वर येते ते अर्थातच ८ जीबीचे. नावांचा हा घोळ दोन्ही कंपन्या जाणूनबुजून घालतात असे माझे स्पष्ट मत आहे. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० ची ३ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे काढली, तेव्हा त्यांच्या चिपची ताकदही सारखी ठेवली नव्हती आणि नाव मात्र तेच होते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या नावाची अशीच दोन भिन्न कार्डे जाहीर झाली. तेव्हा इतकी टीका झाली, की १२ जीबीचे कार्ड बाजारात येण्याआधीच कंपनीला मागे घ्यावे लागले.

पैशांचा हिशेब करू. या कार्डांच्या किमती अमेरिकेत करांशिवाय जाहीर होतात. २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा आरटीएक्स ५०६० ची किंमत २९९ डॉलर, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीची ३४९ डॉलर आणि आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबीची ४२९ डॉलर होती. तेव्हाच्या भावाने डॉलरला ८५ रुपये धरून त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ३०,०००, ३५,००० आणि ४३,००० रुपये होतात. आयातदार आणि दुकानदार यांचे पैसे त्यावर चढतात, कधी सवलतीत उतरतातही, आणि रुपया घसरला किंवा मेमरी चिप महागल्या तर सगळेच वर सरकते. त्यामुळे दुकानात मिळालेला भाव या हिशेबाशी ताडून पाहा. ९०६० एक्सटी १६ जीबी आणि ५०६० टीआय १६ जीबी यांत तुमच्या गावी पाच हजारांहून जास्त फरक असेल, तर नुसत्या खेळांसाठी तो फरक मोजण्यात अर्थ नाही. तो दोन-तीन हजारांवर आला असेल, तर मात्र पुढचे परिच्छेद लक्षपूर्वक वाचा, कारण मग निवड चुरशीची होते.

रूममेटचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करण्याचे एनव्हिडियाचे तंत्र, म्हणजे डीएलएसएस, २०१८ मध्ये आले आणि २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून खरोखर वापरण्याजोगे झाले. एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले आणि बराच काळ दर्जात मागेच राहिले. हलणारे केस, जाळीची कुंपणे, पावसाच्या सरी यांवर त्याची चमचम सहज दिसे. तुमच्यासारख्या १०८०पी मॉनिटरवर हा फरक अधिकच बोचतो, कारण ‘क्वालिटी’ हा पर्याय निवडला तरी मूळ चित्र ७२०पीचेच असते, आणि इतक्या तुटपुंज्या माहितीतून चांगले चित्र उभे करायला तंत्रही तितकेच चांगले लागते. ही उणीव २०२५ मध्ये आरएक्स ९००० मालिकेबरोबर आलेल्या एफएसआर ४ ने पुष्कळशी भरून काढली. म्हणूनच मी तुम्हाला ९०६० एक्सटी सुचवतो. स्वस्तात मिळते म्हणून मागच्या पिढीचे आरएक्स ७६०० सुचवत नाही, कारण एफएसआर ४ कंपनीने आणले ते नव्या मालिकेसाठी. तरीही डीएलएसएस आजही अधिक खेळांत मिळते, आणि रूममेटचा हा मुद्दा मी मान्यच करतो.

रे ट्रेसिंगबद्दलही तो अर्धा बरोबर आहे. तुमचा इंडियाना जोन्सचा खेळ सुरू होत नाही याचे कारण हेच आहे, की त्या खेळाला रे ट्रेसिंगची यंत्रणा असलेले कार्ड सक्तीचे आहे आणि जीटीएक्स १६५० मध्ये ती नाही. तुमच्या विचारातल्या सगळ्याच नव्या कार्डांत ती आहे, तेव्हा हा अडथळा कोणत्याही कंपनीच्या कार्डाने दूर होईल. सायबरपंकमधले संपूर्ण पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचे सर्वात जड रूप, हा एनव्हिडियाचा खरा बालेकिल्ला आहे, पण ते सुरळीत चालवणारी कार्डे तुमच्या बजेटच्या कितीतरी वर आहेत. जे कार्ड आपण घेणार नाही त्याच्या पराक्रमावरून आपण घेणार असलेल्या कार्डाची निवड करणे, ही या वादातली सर्वात जुनी गफलत आहे.

जाहिरातींतले आकडे वाचताना एक उदाहरण ध्यानात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या व्यासपीठावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले, की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल. हे शक्य होते ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः रचलेल्या अनेक फ्रेम घालून; याला फ्रेम जनरेशन म्हणतात. अशा फ्रेममुळे पडद्यावरची हालचाल मऊ दिसते हे खरे, पण माऊस हलवल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, किंचित वाढतोच. मूळ खेळ ६० फ्रेमच्या आसपास चालत असेल तर हे तंत्र छान वाटते. २५ फ्रेमवर अडखळणाऱ्या खेळाला ते तारत नाही. एएमडीकडेही हे तंत्र आहे आणि त्यांच्याही आलेखांत ते असेच मिसळलेले असते. त्यामुळे कोणताही आलेख पाहताना फ्रेम जनरेशन बंद असलेले आकडे शोधा, आणि सरासरीबरोबर ‘वन परसेंट लो’ हा सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा वेग सांगणारा आकडाही पाहा, कारण झटके त्यात दिसतात.

आतेभावाचे ‘एनव्हिडिया लुटते’ हे वाक्य भावनेच्या भरातले आहे. बाजारात बहुतांश वाटा हाती असलेली कंपनी भाव चढे ठेवते, यात नवल नाही. पण एएमडीलाही संधी मिळाली की तीही पन्नास डॉलर खाली भाव ठेवून मोकळी होते, धर्मादाय काम करत नाही. गंमत अशी, की या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या तुमच्या बजेटमधल्या चिपा, म्हणजे एनव्हिडियाच्या, एएमडीच्या आणि इंटेलच्या आर्क बी५८० या कार्डातलीही, तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीत बनतात. आणि हुआंग व एएमडीच्या प्रमुख लिसा सू हे दोघे जन्माने तैवानचे, नात्याने एकमेकांचे दूरचे आप्त. तुमच्या खोलीतले भांडण त्यांच्यापर्यंत पोचेल असे वाटत नाही.

ड्रायव्हरविषयी, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, दोन्ही बाजूंच्या दंतकथा आहेत. ‘रेडिऑनचे ड्रायव्हर भिकार’ ही ख्याती मुख्यतः २०१९-२० च्या आरएक्स ५७०० मालिकेच्या काळात पक्की झाली, जेव्हा अनेकांचा पडदा मध्येच काळा पडत असे. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेच्या ड्रायव्हरांवर काळ्या पडद्याचीच वेळ आली आणि एनव्हिडियाला एकामागोमाग एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. जुन्या कार्डांची काळजी घेण्यात मात्र एनव्हिडिया वरचढ आहे. तिने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर २०२५ पर्यंत दिले, तर एएमडीने २०१९ आणि २०२० च्या आरएक्स ५००० व ६००० मालिकांना २०२५ च्या अखेरीसच ड्रायव्हरच्या वेगळ्या, जुन्या शाखेत टाकले. कार्ड सहा-सात वर्षे वापरायचे असेल, तर ही गोष्ट एनव्हिडियाच्या पारड्यात पडते आणि मी ती लपवणार नाही.

इंटेलचे नाव तुम्ही घेतलेले नाही, तरी कोणीतरी सुचवेलच. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड २४९ डॉलरच्या किमतीला फार चांगले आहे, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, आणि जुन्या सहा कोअरच्या रायझनवर त्याचा वेग बराच घसरतो हे बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच परीक्षकांनी दाखवून दिले. तुमचा रायझन ५ ३६०० नेमका त्याच गटातला आहे, तेव्हा हा विषय इथेच संपवू.

त्याच प्रोसेसरमुळे व्हॅलोरंटमध्ये तुम्हाला नव्या कार्डाचा लाभ फारसा दिसणार नाही. तो खेळ हलका आहे, आणि तिथे फ्रेम किती मिळतात हे सहसा प्रोसेसर ठरवतो. नवे कार्ड घेतले आणि व्हॅलोरंट होते तिथेच राहिले, तर कार्ड सदोष आहे असे समजू नका. पुढच्या वर्षी चार पैसे जमले, तर त्याच बी४५० वर बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता येईल. मदरबोर्ड आणि रॅम बदलावी लागणार नाही.

ब्लेंडरचा प्रश्न उरला. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये, म्हणजे अंतिम चित्र तयार करणाऱ्या भागात, एनव्हिडियाची ऑप्टिक्स यंत्रणा रेडिऑनपेक्षा निर्विवाद वेगवान आहे, शिकवणीचे व्हिडिओ आणि प्लगइनही बहुतेक एनव्हिडिया गृहीत धरूनच केलेले असतात, आणि १६ जीबी मेमरीमुळे आठ लेनचा तोटाही आटोक्यात राहतो. पण तुम्ही ‘शिकण्याचा विचार आहे’ असे लिहिले आहे. ब्लेंडर फुकट मिळते आणि मॉडेल घडवण्याचे प्राथमिक धडे तुमच्या जीटीएक्स १६५० वरही व्यवस्थित होतात. एक-दोन महिने करून पाहा. तोवर हात बसला आणि रेंडरची वाट पाहण्याचा कंटाळा येऊ लागला, तर ५०६० टीआय १६ जीबीसाठी थांबा. विचार विचारच राहिला, तर त्यापायी जास्तीचे पैसे घालवू नका. ट्विच किंवा यूट्यूबवर नियमित थेट प्रक्षेपण करणाऱ्यालाही मी एनव्हिडियाच सुचवतो.

पॉवर सप्लायचे वॉट तुम्ही लिहिलेत, कंपनी लिहिली नाहीत. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीला साधारण १६० वॉट लागतात आणि ५०६० टीआयला १८०. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला आहे. त्यामुळे ५५० वॉट पुष्कळ झाले, मात्र ते खरे असायला हवेत. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळालेला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, असेल, तर त्याच्या बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या रांगेत किती वॉट लिहिले आहेत ते पाहा. तो आकडा ४०० च्या खाली असेल किंवा लिहिलेलाच नसेल, तर आधी पॉवर सप्लाय बदला. कार्डाच्या जोडणीसाठी सहसा आठ पिनांची एक केबल लागते. पॉवर सप्लाय बदलावा लागला, तर तो खर्च निघावा म्हणून दोन पंख्यांचे साधे कार्ड घ्या, तीन पंखे आणि रंगीत दिवे असलेल्या त्याच चिपच्या महागड्या कार्डाने खेळ वेगवान होत नाही. कॅबिनेटमध्ये जागा किती आहे, हे मात्र पट्टीने मोजून घ्या.

खरेदी सांगलीत करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन. जीएसटीचे बिल आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर या दोन गोष्टींवर अडून बसा. वॉरंटी एनव्हिडिया किंवा एएमडी देत नाही, कार्ड बनवणारी कंपनी तिच्या भारतातल्या वितरकामार्फत देते, म्हणून त्या कंपनीचे सेवा केंद्र तुमच्यापासून किती दूर आहे हे विचारून घ्या. परदेशातून कोणी आणून दिलेल्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असे नाही. रेडिऑनचे १६ जीबीचे कार्ड लहान शहरांत अनेकदा दुकानात नसते; ‘तेच, फक्त ८ जीबीचे आहे, घेऊन जा’ असे कोणी म्हटले तर आठवडाभर थांबा.

कार्ड बसवण्याआधी बायोस अद्ययावत करा, एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर डीडीयू या मोफत साधनाने पुसून टाका आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. कार्ड वरच्या, प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्येच बसवा. मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलेले आहेत याची खात्री करा. पुष्कळांचा मॉनिटर वर्षभर ६० वरच चाललेला असतो. शेवटी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे साधन उघडून ‘बस इंटरफेस’ची ओळ पाहा. कार्ड निवांत असताना तिथे जुन्या पिढीचा आकडा दिसतो, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून त्यातली छोटी चाचणी चालवा. तेव्हा सोळा लेन आणि ३.० असे दिसले, तर सगळे जागेवर आहे. चार लेन दिसल्या, तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसले आहे.